माझी खिडकी कोणती?

मे महिन्याच्या ऐन लगीनसराईत मी एका आजोबांना चिरंजीव केलं आणि त्यांच्या नातवाला, म्हणजे प्रत्यक्ष नवरदेवाला, कैलासवासी. चारशे पत्रिका छापून, घड्या घालून, पाकिटात भरून गेल्या होत्या. पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीपुढे ठेवायची म्हणून नवरदेवाच्या आईनं ती उघडली, तेव्हा ते सापडलं. ती बाई प्रेसमध्ये येऊन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि पत्रिकेवरच्या त्या 'कै.'वर अंगठा दाबून राहिली.

नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रेसमध्ये मी सव्वीस वर्षं प्रूफं तपासतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला चपलेत खडा गेल्यासारखं होतं. 'चि.' आणि 'कै.' माझ्या नजरेखालून सुटणं म्हणजे गवळ्यानं म्हैस विसरून यावं तसं. मालकांनी पगारातून पैसे कापले, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी एक वाक्यही जोडलं, "तुम्ही कुठं असता आजकाल?" त्याचं उत्तर मलाही पाहिजे होतं.

रात्री तीनला जाग यायची. कूलरचा पंखा, वाळ्याचा वास, आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं काहीतरी. दिवसा एकच ओळ तीनदा वाचायचो आणि तिसऱ्यांदाही त्यात काय लिहिलंय ते कळायचं नाही. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिची निधनवार्ता मीच लिहिली, मीच तपासली, तीनदा. त्यात एक वेलांटी चुकलेली नव्हती. त्यानंतर मी रडलो नव्हतो. ते मला तेव्हा कौतुकाचं वाटायचं.

"कोणाला तरी दाखवा," असं बायको म्हणाली. आमच्याकडे 'दाखवणं' म्हणजे डॉक्टर. धंतोली-रामदासपेठ हा आमच्या नागपुरात दवाखान्यांचा मुलूख, तिथल्याच एका समुपदेशकांचा नंबर भाच्यानं आणून दिला. फी पंचेचाळीस मिनिटांचे 1,200 रुपये. आठवड्यातून एकदा यावं लागेल, निदान दोन महिने. माझा पगार 18,500. महिन्याला 4,800 म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा फक्त बोलण्यासाठी. एकदा गेलो. माणूस चांगला होता, पण मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. मिनिटाला सत्तावीस रुपये पडत होते. मधे मी गप्प बसलो की दीडशे-दोनशे रुपये उडून जायचे, आणि मला तर गप्पच बसायचं होतं. परत गेलो नाही.

मग सुरू झाला परवडेल अशा समुपदेशनाचा शोध. मे ते डिसेंबर. त्याबद्दलच खरं तर लिहायचंय.

पहिला थांबा मानकापूरजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय. 1864 सालची संस्था. इंग्रजांच्या काळापासून ती या शहरात आहे आणि तेव्हापासूनच शहराच्या टिंगलीचा विषयही आहे. जवळच्या चौकाचं नावच पागलखाना चौक. ऑटोवाल्याला तेच नाव सांगावं लागतं, दुसरं त्याला कळत नाही. लहानपणी आम्ही एकमेकांना "तुले मानकापूरला टाकतो" म्हणायचो. एक्कावन्नाव्या वर्षी मी स्वतःच ऑटोत बसून तिकडे निघालो तेव्हा "मानकापूरच्या अलीकडे सोडा" असं सांगितलं आणि उन्हात अर्धा किलोमीटर चाललो. ऑटोवाल्याला माझं काय पडलं होतं!

आत गेल्यावर मात्र भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. झाडं खूप. बाकांवर माणसं, डबे, पाण्याच्या बाटल्या. शेजारी बसलेलं कुटुंब छिंदवाड्याकडून पहाटेच्या गाडीनं आलं होतं, मुलगी बाविशीची असेल, तिच्या आईनं पदराच्या टोकात तिचा हात धरून ठेवला होता. केसपेपर फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला आणि उपचाराला पैसे घेत नाहीत, हे मला तिथं खिडकीवर कळलं. मी हातात नोट धरून उभा, आणि खिडकीतला म्हणतो, "ठेवा काका खिशात." (मेडिकल आणि मेयो ही कॉलेजांची रुग्णालयं. ती दुसऱ्या खात्याकडे येतात, त्यांना हा नियम लागू नाही.)

डॉक्टर नीट बोलले. झोपेसाठी गोळी दिली, कमी ताकदीची. आणि म्हणाले की गोळीनं झोप येईल, पण बोलायला कोणीतरी शोधा. दर आठवड्याला, निवांत. बाहेर बसलेल्या त्या बाविशीच्या मुलीला बघून मला आपल्या झोपेची लाज वाटली. तिची जागा अडवतोय असंच वाटलं. आता कळतं की असं वाटणं हाही आजाराचाच भाग असतो. दुखणं मोजून पाहायचं आणि दुसऱ्याचं मोठं निघालं की आपलं गुंडाळून घरी न्यायचं. 2015-16 मध्ये निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली होती. त्यात वेगवेगळ्या विकारांचे 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. या आकड्यात पैसा नसलेले असतील, डॉक्टर नसलेली गावं असतील. पण माझ्यासारखे, रांग बघून परत फिरलेलेही थोडे नसणार.

डॉक्टर म्हणाले ते 'बोलायला कोणीतरी' कुठं मिळतं?

मी शहरातल्या पाट्या वाचायला लागलो. प्रूफरीडरला पाट्या वाचायची खोड असतेच. 'महिला समुपदेशन केंद्र'. 'व्यसनमुक्ती व पुनर्वसन'. 'कौटुंबिक सल्ला केंद्र' (यातल्या 'कौटुंबिक'ला पहिली वेलांटी हवी, तिथं दुसरी होती). पोलिसांच्या मदतीनं चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबईत पहिला सुरू केला, आता राज्यभर आहेत आणि मार खाणाऱ्या बाईसाठी ते देवासारखे आहेत. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्यातही समुपदेशक असतात आणि पक्षकाराला त्यांची फी पडत नाही. फक्त आधी दावा दाखल पाहिजे. हे मी घरी सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग टाकू का अर्ज घटस्फोटाचा? तुमचं समुपदेशन तरी होईल." कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एकाच वेळी हसलो.

पश्चिम विदर्भात, वर्ध्यात आणि मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, चौदा जिल्ह्यांत. त्याची गरज कोणाला पटवायला नको. मी शेतकरी नाही. मला नवरा मारत नाही. मी पीत नाही. पोरगं वाया गेलेलं नाही, पोरगी पुण्यात नोकरी करते. प्रत्येक खिडकीवर काहीतरी लिहिलेलं होतं आणि त्यातलं काहीच मी नव्हतो. नुसतं वाईट वाटणाऱ्या, पगार चालू असलेल्या, पन्नाशीच्या पुरुषासाठी कोणती खिडकी? एका ठिकाणी फोन केला तर बाईंनी विचारलं, "कोणासाठी पाहिजे, मिसेससाठी का?" मी "हो" म्हणून फोन ठेवला.

आमच्या बाइंडिंग खात्यात एक जण आहे. अकरा वर्षं दारूला शिवलेला नाही. तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगांना जातो. तिथं फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी पेटी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. चहाच्या टपरीवर मी त्याला माझं थोडंसं सांगितलं. त्यानं बराच वेळ ग्लासात बघितलं आणि मनापासून म्हणाला, "तू पीत असता तं सोपं झालं असतं बे. उद्याच नेलं असतं तुले."

याच्याइतकं नेमकं माझ्या अडचणीबद्दल कोणी बोललेलं नाही.

ऑगस्टात एका रात्री गच्चीवर जाऊन 14416 ला फोन लावला. टेली-मानस. केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही. नंबर मीच कधीतरी एका भित्तिपत्रकाच्या प्रुफात तपासला होता, म्हणून पाठ होता. पलीकडे एक मुलगी. "बोला सर." मी तिला आधी पाऊस किती झाला ते सांगितलं. मग पत्रिकेचं सांगितलं. ती हसली नाही, आणि घाईही केली नाही. समोर लकडगंजकडचे दिवे दिसत होते, खाली कुत्रं भुंकत होतं. त्या रात्री मी पाचपर्यंत झोपलो. पण परत फोन केला की दुसरा आवाज यायचा, आणि पावसापासून सुरुवात करावी लागायची. फोनची सेवा रात्र काढायला आहे, आणि ते काही लहान काम नाही. वर्ष काढायला रोजचा तोच चेहरा लागतो.

मधल्या काळात मी कायदाही वाचला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017. अंमलात आला 29 मे 2018 ला. त्याच्या अठराव्या कलमात प्रत्येकाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिलाय, आणि ती सेवा कशी असावी तेही सांगितलंय. परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी, पोहोचता येईल अशी. 'परवडणारी' हा शब्द कायद्यात बघून मला गंमत वाटली. 'पुरेशी'भोवती मी सवयीनं पेन्सिलीनं गोल केला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं.

पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, फुकटचं किंवा पन्नास रुपयांचं काउन्सेलिंग नका घेऊ कोणाकडनं. कोणी शिकाऊ असेल." ही शंका माझ्याही मनात होती. सस्ता रोए बार बार हे आपण नागपूरकर हिंदीतूनच म्हणतो. मग दोन दिवसांनी तिनंच एक अभ्यास धाडला. गोव्यातल्या संगथ या संस्थेचा, 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्याच्या तीव्र आजारात सापडलेल्या माणसांना कोणी समुपदेशन केलं? डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हेत. साध्या माणसांना शिकवून तयार केलं, सहा ते आठ बैठका, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्यानं जास्त लोक बरे झाले. अट एकच, त्यांच्या कामावर जाणत्यांची देखरेख हवी. खाली पोरीनं लिहिलं होतं, "माझं चुकलं. पण देखरेख कोणाची आहे ते विचारा."

ते विचारणं फार उपयोगी पडलं. तोवर मला मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तिघं एकच वाटायचे. पहिला डॉक्टर, गोळी तोच लिहू शकतो. दुसऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते, नंबर मागितला तर त्यानं रागवायचं कारण नाही. तिसऱ्याच्या पाटीआड काहीही असू शकतं, उत्तम माणूसही आणि पंधरा दिवसांचा कोर्स करून बसलेलाही. म्हणून त्याला विचारायचं: काय शिकलात, आणि अडलं तर कोणाला विचारता? दुसऱ्या प्रश्नाला "मला अडत नाही" असं उत्तर आलं तर चप्पल घालायची.

पत्ता शेवटी बाइंडिंगवाल्यानंच आणला. त्याची बायको, तो प्यायचा त्या वर्षांत, जिथं जायची तिथला. "माणसं घेतेत का विचारलं तिनं. घेतो म्हणाल्या."

गांधीसागर तलावापासून चालत दहा मिनिटं. वस्तीतली जुनी संस्था, खाली बालवाडी, वर शिवणवर्ग. गुरुवार आणि शनिवार, चार ते सहा. माझा नंबर लागायला तीन आठवडे गेले. फी म्हणजे दारापाशी श्रीखंडाचा पत्र्याचा डबा, वर चिठ्ठी, 'पन्नास रुपये किंवा जमेल तसे'. समुपदेशक मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलगी, माझ्या पोरीहून दोन वर्षांनी लहान. महिन्यातून एकदा एक ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ बाई येऊन तिच्याशी बसतात. विचारून घेतलं होतं मी.

"काका, इथं वेगळी खोली नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "पण सोय आहे." सोय म्हणजे पडदा. पडद्याअलीकडे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पलीकडे शिवणवर्गाच्या सात पायमशिनी. तिनं पडदा जरासा सारला आणि म्हणाली, "ताई, शिवा न जरा." आणि सातही मशिनी एकदम सुरू झाल्या. त्या आवाजात तुम्ही काय बोलता ते हातभर अंतरावरच्या माणसालाच ऐकू येतं. महागड्या दवाखान्यांत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काय काय लावतात. इथं सात बायका ब्लाउज शिवत होत्या.

माझी आई शिवायची. हे मी त्या मुलीला तिसऱ्या बैठकीपर्यंत सांगितलं नाही.

ती उपदेश करायची नाही. काम द्यायची. घरी परत जाताना दहा मिनिटं तलावाच्या काठावर बसायचं, फोन बंद. रात्री तीनला जाग आली तर अंथरुणात पडून राहायचं नाही, उठून पाणी भरायचं. आधी हसू आलं, यासाठी का पन्नास रुपये! पण जानेवारीत माझ्या लक्षात आलं की मी पोह्यावर तर्री जास्त मागून घेतली. असं मागणं बंद झालं होतं, हे मागितल्यावरच कळलं.

आणि मग 31 मार्च आला. ती ज्या प्रकल्पातून येत होती त्याचा पैसा आर्थिक वर्षासोबत संपला. तिनं हे मला पंधरा दिवस आधी सांगितलं, डोळ्यांत बघून, आणि माझ्या परवानगीनं माझ्या टिपणांचं एक पान पुढच्या बाईंसाठी ठेवलं. तरी मला राग आला. तिचा नाही, त्या तारखेचा. स्वस्तातल्या समुपदेशनाची खरी किंमत ही आहे. डब्यात टाकायचे पन्नास रुपये तर असतात. पण ज्या माणसापुढे तुम्ही पाच बैठकांत एक एक कडी काढत आलात, तो माणूसच मंजुरीच्या कागदावर टिकलेला असतो. दुकानात कापड संपावं तसा तो संपतो.

दुसऱ्या बाई एप्रिलात आल्या. चाळिशीच्या, हातात थर्मास. ते पान त्यांनी वाचलेलं होतं, पण म्हणाल्या, "कागदावरचं राहू द्या, तुम्ही सांगा न." मनात म्हटलं, आता परत पहिल्यापासून. पत्रिका, आजोबा, नवरदेव. वैतागून, भरभर, पाठ केल्यासारखं सांगायला लागलो.

आमच्या धंद्यात पहिल्या प्रुफात अक्षरं सापडतात. दुसऱ्या प्रुफात गळालेली ओळ सापडते. पहिल्या वेळी मी आईची निधनवार्ता कशी बिनचूक लिहिली ते सांगितलं होतं. या वेळी बोलता बोलता सांगून गेलो की त्यात तिच्या नावाआधी 'कै.' मी लिहिलंच नव्हतं. 'श्रीमती' लिहिलं. तीनदा तपासलं, तीनदा ते तसंच ठेवलं. चूक नव्हती ती. ठेवलं होतं.

बाई काही बोलल्या नाहीत. पलीकडे चहा आला होता बहुतेक, कारण मशिनी एक एक करून थांबल्या. सातवीही थांबली. एप्रिलची साडेपाचची वेळ, पंखा, आणि मी. मला थांबायचं होतं पण थांबता येईना. इतका मोठा आवाज आपल्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. पडद्यापलीकडे कपबशा ठेवल्याचा आवाज आला, मग कोणाची तरी खुर्ची सरकली, आणि एक मशीन सुरू झाली. मग दुसरी. कापड नसताना मशीनचा आवाज वेगळा येतो, कोरडा, हलका. शिवणाऱ्या बाईच्या पोराला तो ओळखता येतो. त्या रिकाम्या मशिनी चालवत होत्या.

निघताना डब्यात पन्नास टाकले. पुढच्या गुरुवारी सुट्टी होती, म्हणून शनिवारची वेळ घेतली.